सारवलेल्या भिंतीवरचा डास

डास मारणं कुणालाही जमतं. दोन तळहात असले की झालं. डास जिवंत धरणं ही मात्र शिकायची विद्या आहे. मी ती शिकले, त्यावर पगार घेतला, आणि माझ्या माहितीप्रमाणे आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखात हे काम करणारी तेव्हा दुसरी बाई नव्हती. असली तर तिनं पुढं यावं, मी तिला साडीचोळी करीन.

तर आधी डास धरायचा कसा ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं. हातभर लांबीची रबरी नळी घ्यायची. तिच्या एका टोकाला बोटाएवढी जाड काचेची नळी बसवायची, आणि दोन्हींच्या मध्ये मलमलीचा तुकडा. रबरी टोक तोंडात, काचेचं टोक डासाजवळ, दुसऱ्या हातात विजेरी. भिंतीवर डास दिसला की नळी खालच्या बाजूनं अलगद न्यायची आणि श्वास ओढायचा. किती ओढायचा? बशीतला गरम चहा ओठाला लावून बघतो ना, तेवढा. कमी ओढला तर डास उडतो, जास्त ओढला तर मलमलीवर आपटून मरतो. मलमल बसवायची विसरलात तर पोटात जातो. हे मी ऐकीव सांगत नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. साधा डास भिंतीवर पोक काढून बसतो, तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. हिवतापाचा डास डोकं खाली आणि बूड वर करून बसतो, भिंतीत तिरका खिळा ठोकल्यासारखा. आणि चावते ती मादी. नर बिचारा झाडपाल्याच्या रसावर जगतो. आमच्या डॉक्टरसाहेबांना हे माझ्यासमोर सांगताना इतका संकोच झाला की ते खिडकीबाहेर बघून बोलले. मी म्हटलं, "साहेब, घराघरात हेच चाललंय. बाईच राबती, बाईच चावती."

काळ म्हणाल तर लढाई संपली होती आणि स्वातंत्र्य यायचं होतं. आमचं गाव कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या काठी. कालव्यानं ऊस दिला, हे खरंच. पण पाझराच्या पाण्याची डबकीही दिली, आणि त्या डबक्यांनी हिवताप दिला. गौरी-गणपती झाले की घरोघर माणसं गोधड्या घेऊन उन्हात बसायची. दात वाजायचे, मग अंग भाजायचं, मग घाम फुटायचा, आणि एक दिवसाआड परत तेच. कोयनेला तेव्हा धरण नव्हतं, आमच्याकडे वीज नव्हती, आणि लढाईमुळं क्विनाईनच्या गोळ्या सोन्यासारख्या जपून देत. माझे मालक पलटणीत, ब्रह्मदेशाच्या बाजूला. त्यांचं पत्र आलं होतं की इथं गोळीपेक्षा डासच जास्त गडी आडवे पाडतोय. तेच मी घरी बसून बघत होते.

आमच्या घरात तर हिवतापानं वेगळाच डाव मांडला होता. माझी थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणायचे. आक्काचं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यात तापात आटोपलं, दुसरंही तसंच. दोन्ही वेळा मूल हाताला लागलं ते रडलंच नाही. त्या वर्षी तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. कुणी आनंदानं बोलेना. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ओटीत खण घालायचं सुद्धा लांबवत होत्या. माघात दिवस भरणार होते, म्हणजे हिवतापाचा सगळा हंगाम मध्येच.

अशात आषाढात गावच्या चावडीत सरकारी हिवताप कॅम्प उतरला. एक डॉक्टर, एक सूक्ष्मदर्शक, चार फवारणीवाले गडी आणि लष्कराकडून आलेले पांढऱ्या पुडीचे डबे. त्या पुडीचं नाव डीडीटी. पाण्यात कालवायची आणि बादलीतल्या पंपानं घराच्या भिंतींवर आतून मारायची. डास माणसाला चावून जड होतो आणि भिंतीवर विसाव्याला बसतो. भिंतीवर बसला की औषध पायाला लागून मरतो. एकदा मारलं की दोन-तीन महिने भिंतच पहारा करते, अशी त्यांची अटकळ होती. आमच्या गावात औषध मारायचं, कालव्यापलीकडच्या गावात नाही मारायचं, आणि दोन्हीकडचे डास मोजत राहायचं. असा तो प्रयोग. आमच्याकडचे डास दिवाळीपर्यंत कमी राहिले तर औषध खरं. नाहीतर कॅम्प उठणार, उरलेले डबे दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

मोजायला डास धरायला हवेत, आणि डास असतात माजघरात, कणगीआड, बाळंतिणीच्या खोलीत. तिथं परका गडी शिरणार कसा? मुसलमान वस्तीत तर उंबऱ्याच्या आतच घेत नव्हते. डॉक्टरांनी चावडीत विचारलं, "एखादी बाई मिळेल का? थोडं लिहिता येणारी?"

मला लिहिता येत होतं असं नाही. मालकांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटे, म्हणून मी अक्षरं जुळवायला लागले होते. पण मी हात वर केला.

घरी गेले तर आत्याबाई चुलीपुढं. "काय काम म्हनं त्ये?"

"डास धरायचं."

"धरून?"

"साहेबाला द्यायचं."

"आन् त्येच्यासाठी पगार देत्यात?" त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "आगं, आजवर माशा मारनाऱ्याला आमी आळशी म्हनत हुतो. आता सरकार त्येला नोकरी म्हनतंया व्हय!"

आक्का भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "जाऊ द्या की आत्याबाई. धरंल तेवढं तरी कमी व्हतील."

आत्याबाईंनी फुंकणी उचलली आणि पुन्हा चूल फुंकायला लागल्या. तीच माझी परवानगी.

रोज पहाटे उजाडता उजाडता निघायचं. एका खोलीत पाव तास, त्याच्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही. धरलेले डास नळीत, नळीला चिठ्ठी. चिठ्ठीवर चार गोष्टी: घर, जागा, डास किती, आणि खोलीत माणसं किती झोपली. माझी बाराखडी म्हणजे त्या चिठ्ठ्या. लोक 'कमळ' लिहून शिकतात, मी 'गोठा' लिहून शिकले. गावानं लगेच नाव ठेवलं, डासबाई. पोरं मागून गुणगुणायची. मी वळून नळी दाखवली की पळायची.

आक्काच्या खोलीत पहिल्याच दिवशी चिठ्ठी लिहायला बसले. 'माणसं: एक.' तिनं वाकून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण एकचा आकडा कळायचा.

"एकच का गं? दोन लिव की," पोटावर हात ठेवून म्हणाली.

"साहेबाचा नियम हाय आक्का. झोपलेलं डोळ्यांनी मोजायचं. माघात लिवीन दोन."

ती हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग मला भीतीच वाटली, आपण हे काय बोलून बसलो म्हणून.

श्रावणात फवारणी झाली. गावानं औषधाचं स्वागत केलं ते डासांसाठी नव्हे, ढेकणांसाठी. दुसऱ्या दिवशी खाटांखाली ढेकणांचा सडा! ज्यांनी दार लावून घेतलं होतं ते साहेबांच्या मागं फिरायला लागले, "आमच्या घरी कवा येतायसा?" फक्त तालमीचे वस्ताद अडून बसले. हे वस्ताद म्हणजे सांगलीकडच्या फडांत नाव काढलेले पैलवान, आता वय झालेले, पण दारातून आडवे होऊन यावं लागे एवढे खांदे.

"हौद्याची माती तेल, ताक, हळद घालून केलीय, सायेब. तिच्यावर इषारी पानी उडालं तर माझी पोरं खेळायची कशी?"

डॉक्टर पुण्याकडचे, समजूत घालायला लागले, "वस्ताद, आम्ही फक्त भिंतींवर..."

"भिंतीवर मारुतीराया हाय."

डॉक्टरांनी मारुतीरायाला हात जोडले आणि पंप माघारी नेला. पण त्यामुळं आमचं एक काम सोपं झालं. औषध नसलेली आणि डासांनी भरलेली जागा आम्हाला हवीच होती, कारण साहेबांना दुसराही शोध करायचा होता. माणूस शेतात, रानात, कालव्यावर दारे धरायला जातो तिथं भिंत कुठली? तिथं अंगाला लावायला काहीतरी हवं, आणि ते इथल्याच झाडाझुडपांतून निघालं तर गरिबाला परवडेल. निरगुडी, कडुनिंब, करंज, सीताफळाच्या बिया, गवती चहा, एकेकाचं तेल किंवा काढा करून आम्ही तपासलं. रीत सोपी. दिवेलागणीला एका हाताला तेल लावून बसायचं, दुसरा कोरडा. दोन्हींवर डास किती बसतात ते मोजायचं, आणि चावायच्या आत नळीनं उचलायचे. हलायचं नाही, हाणायचं नाही.

बसणार कोण? वस्ताद म्हणाले, "मी बसतो. औषध नको म्हनलं, पन तुमचं कामच नको असं न्हाई म्हनलं." त्यांचा हात म्हणजे डासांना मैदानच. पण आयुष्यात त्यांनी कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता! डास टेकला की त्यांचा दुसरा पंजा आपोआप उठायचा.

"वस्ताद, हाणायचं न्हाई!"

"आगं, हात ऐकत न्हाई. पाच-पाच गडी दाबलं म्या, पन हे चिलट..." आणि फाट! त्या दिवसाची मोजणी बाद.

चौथ्या दिवशी मी त्यांचा दुसरा हात त्यांच्याच पटक्यानं खांबाला बांधला. त्यांनी बांधू दिला. तालमीतली पोरं भिंतीआडून बघत होती, पण एकही हसला नाही. हसला असता तर वस्तादांचे पाय मोकळेच होते.

गवती चहाचं तेल आणायला मी सांगलीला जायची. सर्व्हिस मोटर, धूळ, आणि गणपती पेठेच्या अलीकडं एका बोळात अत्तारचाचांचं दुकान. पांढरी दाढी, बोटांना कायम वास. मी काय मागते ते ऐकून ते गादीवर मागं रेलले.

"बेटी, माझा बाप, माझा आजा, सगळ्यांनी वास काढला तो मानूस जवळ यावा म्हनून. तू पहिली गिऱ्हाईक, दूर पळावं म्हनून वास मागतेस."

"माणसानं जवळच यावं चाचा. डासानं पळावं."

"मग ऐक. ह्यो वास हलका हाय, उडून जातो. त्याला बसवायला जड तेल पाहिजे. आमी चंदनात बसवतो. तू कशात बसवशील?"

ह्या एका वाक्यानं आमचं काम पुढं गेलं. गवती चहा डासाला पळवी, पण घटकाभरात विरून जाई. करंजेल टिके, पण त्याचा वास असा की डासाच्या आधी शेजारी पळे. चाचांनी सांगितलं तसं आम्ही गवती चहा करंजेलात बसवला, चार वाट्यांना एक वाटी. वस्तादांच्या हातावर दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत एकही डास टेकला नाही. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी वस्तादांशी हस्तांदोलन केलं, आणि मग बराच वेळ आपली बोटं चोळत बसले.

भाद्रपदात आमच्या गावचे आकडे असे पडले की बघत राहावं. ज्या गोठ्यात पाव तासात नळी भरायची तिथं एक, दोन, कधी रितीच. पलीकडच्या गावात मात्र नळ्या पुरेनात. डॉक्टर शीळ घालत चावडीत फिरायचे. मी देवाला म्हटलं, एवढंच माघापर्यंत राहू दे.

ते राहिलं नाही. दसरा झाला आणि आकडे चढायला लागले. आधी दोन घरांत, मग दहा. माजघरात जास्त, गोठ्यात कमी. तिरके खिळे पुन्हा भिंतीवर दिसायला लागले, जिवंत, टवटवीत. डॉक्टरांची शीळ थांबली. एक दिवस मी नळ्या द्यायला गेले तर ते लिहीत होते. मला बघून म्हणाले, "हौसाबाई, अहवाल तयार करतोय. उद्याच्या टपालानं जाईल. औषध जेमतेम दोन महिने टिकलं, तेही नाही. आपल्या हवेत उतरत असावं. कॅम्प दिवाळीआधी उठेल."

"आन् दुसरी फवारणी?"

"न टिकणारं औषध परत कोण देईल?"

घरी आले तर आक्का गोधडीत. कोजागिरी होऊन दोनच दिवस झाले होते. तिचे दात वाजत होते आणि आत्याबाई तिच्या पायाशी बसून नुसत्या बघत होत्या. डॉक्टरांनी लगेच क्विनाईन दिलं, ताप उतरला. पण मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं, की असा ताप परत येतो. सातवा महिना अजून पुढंच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आक्काच्याच खोलीपासून सुरुवात केली. विजेरी भिंतीवर टाकली. एक डास बसलेला, पोट रक्तानं लाल. मी नळी नेली आणि तिथंच थांबले. डास ज्यावर बसला होता ते एक अर्धगोल होतं. सारवणाचं. चार बोटांच्या चार रेघा, डावीकडून उजवीकडं वळलेली, आणि करंगळीची रेघ तुटक. माझी करंगळी लहानपणी विळ्यानं कापलेली, ती पूर्ण टेकत नाही.

ती भिंत मी सारवली होती.

बायकांना हे सांगायला नको, पण पुरुष वाचकांसाठी सांगते. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं अख्खं घर शेणामातीनं सारवून काढतात. देव बसायचे असतात. त्यात औषधाचे ते पांढरे ओघळ भिंतीवर, भूत रडल्यासारखे. कुठली बाई ते ठेवील? गावातल्या प्रत्येक बाईनं सारवलं. गोठे राहिले, कारण गोठ्यात घट बसत नाहीत. औषध उतरलं नव्हतंच. आम्ही त्याच्यावर शेणाची चादर घातली होती. आणि मी, औषध कसं काम करतं हे गावात पाठ असणारी एकटी बाई, मीही घातली होती. आक्काच्या खोलीत. डास चावल्यावर ताप यायला दहा-पंधरा दिवस लागतात. मी खाली बसले, बोटांवर मोजलं, आणि ते बरोबर जुळलं.

तो डास मी धरला. चिठ्ठी लिहिली. 'माणसं: एक.' आणि चावडीकडं पळाले.

डॉक्टर लखोट्याला डिंक लावत होते. मी म्हटलं, "साहेब, थांबा. औषध खरं हाय. खोटं मी केलं." आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. चेहरा कठीण होत गेला.

"तुम्हाला मी शिकवलं होतं. भिंतीला हात लावायचा नाही, हे सांगितलं होतं."

"व्हय. फवारणीवाल्यांनी दारोदार सांगितलं. पण तुमी 'हात लावू नका' म्हनला. सारवनं म्हंजी हात लावनं हाय, हे कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. माज्या बी न्हाई. त्ये आमी श्वास घेतल्यासारखं करतो."

त्यांनी लखोटा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला पटतं. पण वरच्यांना कसं पटवू? त्यांना वाटेल मी औषधाची कड घेतोय. डास भिंतीवर कोंडून दाखवायला हवा. सारवलेल्या भिंतीवर आणि न सारवलेल्या. त्याला काचेची भांडी लागतात, ती पुण्याहून यायला आठवडा जाईल. टपाल फार तर दोन दिवस थांबवू शकतो."

माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या कंदिलावर गेली. "साहेब, कंदिलाची काच चालंल का? दोन्ही तोंडं उघडी. एका तोंडाला मलमल बांधू, दुसरं भिंतीला लावू."

"भिंत खडबडीत आहे. फटीतून निघून जातील."

"कणकेची वळकटी लावू की कडंला. मोदकाच्या पात्राला लावतो तशी."

डॉक्टर उठलेच.

आता न सारवलेली भिंत हवी होती, तीही घरातलीच, म्हणजे कुणी गोठ्याचा फरक काढू नये. आमच्याच माजघरात ती होती. कणगीमागं. पंपाची नळी तिथं पोचली होती, सारवणारा हात पोचत नव्हता. नव्या जोंधळ्याला अवकाश होता, त्यामुळं कणगी अर्धीच भरलेली, पण अर्धी कणगीसुद्धा फवारणीवाल्या चौघांना हलेना. मी तालमीत गेले. वस्तादांनी विचारलंही नाही कशाला. आले, कणगीला मिठी मारली, "जय बजरंग" म्हणून एक झटका दिला, आणि कणगी हातभर पुढं! मागची भिंत उघडी पडली. त्यावर औषधाचे पांढरे ओघळ जसेच्या तसे.

तीन काचा लावल्या. एक कणगीमागं, एक आक्काच्या खोलीत माझ्या अर्धगोलावर, आणि एक तालमीच्या भिंतीवर, जिथं औषध कधी लागलंच नव्हतं. प्रत्येकीत पलीकडच्या गावातले दहा-दहा डास. अर्धा तास. मग काचांचं भिंतीकडचं तोंडही मलमलीनं बांधून डास त्याच काचांत, साखरपाण्याचा बोळा देऊन, चावडीत झाकून ठेवले. दुसऱ्या सकाळी मोजायचे.

त्या सकाळी चावडीत निम्मं गाव. आत्याबाई सुद्धा पदर खोचून पुढं. डॉक्टरांनी पहिली काच उचलली, तालमीची. दहाच्या दहा गुणगुणत होते. दुसरी, आक्काच्या खोलीची. दोन मेलेले, आठ जिवंत. तिसरी काच त्यांनी उचलली नाही, माझ्याकडं सरकवली.

मी मलमल सोडली. तळाशी काळे ठिपके. मी काडीनं एकेक बाजूला केला. एक, दोन, तीन... दहा. एकाचाही पाय हलत नव्हता.

वस्ताद इतक्या जोरात "चितपट!" म्हणून ओरडले की चावडीवरची कबुतरं उडाली.

डॉक्टरांनी लखोटा फाडला. नव्या अहवालासोबत तिन्ही काचांचे आकडे गेले, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर नवे डबे आले. पण डबे येऊन काय उपयोग? दिवाळीला घर सारवायचंच. लक्ष्मी काय ओघळलेल्या भिंतींत येणार होती? डॉक्टरांनी बायकांना गोळा केलं आणि "या वर्षी सारवू नका" म्हणून हात जोडले. सगळ्या माना खाली. म्हणजे नाही.

तेव्हा आत्याबाई बोलल्या. "आवं सायेब, तुमी उलटं का करताय? आमी आधी सारवतो. वाळू द्या. मग तुमी मारा तुमचं पानी. फुडं संक्रांतीलाबी तसंच. आमाला इचारून या म्हंजी झालं."

"पण ते पांढरे ओघळ, देवापुढं..."

"भंडारा पिवळा असतोय, बुक्का काळा असतोय. ह्ये पांढरं. त्येनं जर माझी सून वाचत आसंल, तर त्येबी देवाचंच."

पुढं डॉक्टरांनी फवारणीचं वेळापत्रक करताना सणवारांचा हिशेब आत्याबाईंकडून घेतला. गावोगाव तसंच केलं. आधी सारवण, मग औषध. वस्तादांनी शेवटी तालीमही उघडली. मारुतीरायावर स्वतःच्या हातानं धोतर पांघरलं आणि म्हणाले, "मारा. आता माझी बी खात्री झाली."

नव्या फवारणीपर्यंतचे दिवस अत्तारचाचांच्या तेलावर काढले. दिवेलागण झाली की आत्याबाई आक्काच्या हातापायांना ते चोळायच्या. "वास मारतोय गं," आक्का कुरकुरायची. "मारू दे. मानसं लांब पळाली तरी चालतील, डास जवळ येता कामा न्हाई," असं म्हणणाऱ्या ह्याच त्या आत्याबाई, ज्यांनी माझ्या नोकरीला माशा मारणं म्हटलं होतं. सातवा महिना आला. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सातवा गेला. आठवा गेला. ताप परत आला नाही.

खंत आहे, तीही सांगते. ती पूड आम्ही उघड्या हातांनी कालवली, रिकाम्या डब्यांत बायकांनी पीठ भरलं, मी स्वतः एक आणला होता. पुढं डासच त्या औषधाला सरावले, आणि त्यानं पाखरांचं, पाण्याचं काय काय केलं ते आता पोरं मला वाचून दाखवतात. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आणि छापील अहवालात माझं नाव नाही. 'एका स्थानिक स्त्रीने सारवणाची बाब निदर्शनास आणली' असं एक वाक्य आहे. डॉक्टरांनी मला प्रत पाठवली होती, त्यावर शाईनं त्या वाक्याखाली रेघ मारलेली. ती मी जपून ठेवलीय. करंगळीच्या रेघेवरून पकडलेल्या चोराला एवढी शाबासकी पुष्कळ झाली.

पण मला जपायची होती ती चिठ्ठी वेगळी.

माघात, एका सकाळी मी नेहमीसारखी नळी आणि विजेरी घेऊन आक्काच्या खोलीत गेले. सुईण बाहेर पाणी तापवत होती. आक्का भिंतीकडं तोंड करून झोपलेली. मी कोपरा बघितला, आढं बघितलं, खाटेखाली बघितलं. ओघळलेली पांढरी भिंत हातभर हातभर करून तपासली. पाव तास म्हणजे पाव तास. मग खाली बसून चिठ्ठी लिहायला घेतली. घर: आमचं. जागा: बाळंतिणीची खोली. डास: शून्य.

माझा हात थांबला. आक्का जागी होती. तिनं कूस वळवली, कुशीतलं गाठोडं जरा वर केलं आणि म्हणाली, "काय थांबलीस? मोज की. डोळ्यांनी."

गाठोड्यानं तोंड उघडलं आणि असं काही बोंबललं की बाहेर आत्याबाईंच्या हातातली घागर निसटली.

मी लिहिलं, 'माणसं: दोन.'